अतिथंड द्रव इंधनाची टाकी : उष्णता नेमकी शिरते कुठून?

आर्वीचा_पशुसेवक (धागाकर्ता)

मी वर्धा जिल्ह्यातील आर्वी तालुक्यात एका गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात काम करतो. गवळाऊ गाईंच्या आणि म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी लागणाऱ्या रेतमात्रा आम्ही द्रव नायट्रोजनमध्ये, म्हणजे उणे १९६ अंश सेल्सिअसला, ३५ लिटरच्या ॲल्युमिनियमच्या कंटेनरमध्ये ठेवतो. एकदा भरलेला कंटेनर पूर्वी रोजची उघडझाप धरूनही चाळीस-पंचेचाळीस दिवस निभावत असे. यंदा मे महिन्यात तो बाराव्या दिवशी तळाला गेला. वेळेवर दांडी बुडवून पातळी पाहिली म्हणून रेतमात्रा वाचल्या. कंटेनर पुरवणाऱ्याचे म्हणणे असे पडले की, तुमच्याकडचे ऊनच असे आहे, त्याला कोण काय करणार.

ही गोष्ट मी भाच्याजवळ काढली. तो एलएनजीवर, म्हणजे द्रवरूप नैसर्गिक वायूवर चालणारा ट्रक चालवतो आणि कापसाच्या गठाणी वाहतो. तो म्हणाला, "मामा, माझी टाकी दिवसभर समृद्धीवर उन्हात तापते, तरी चार दिवसांनी इंधन जागच्या जागी असते. तुमच्या खोलीतल्या कंटेनरला कोणते ऊन लागले?" मला उत्तर देता आले नाही. म्हणून जाणकारांना दोन प्रश्न विचारतो. अशा अतिथंड इंधनाच्या टाक्यांची रचना कशी केलेली असते, आणि माझ्या कंटेनरच्या बाबतीत दोष खरोखरच उन्हाचा आहे का?

भौतिकी_मास्तर, वरूड

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचा हिशेब कागदावर मांडता येतो, म्हणून तो आधी घेतो.

एक लिटर द्रव नायट्रोजनची वाफ होण्यास सुमारे १६० किलोज्यूल उष्णता लागते. बारा दिवसांत ३५ लिटर, म्हणजे दिवसाला २.९ लिटर संपले. याचा अर्थ कंटेनरमध्ये सतत साधारण ५.४ वॅट उष्णता शिरत होती. याच आकाराच्या सुस्थितीतल्या कंटेनरची न उघडता होणारी घट दिवसाला सुमारे ०.३ लिटर असते आणि ती जेमतेम अर्ध्या वॅटची होते. रात्री देवघरात जळणारा छोटा एलईडी दिवाही याहून जास्त वीज खातो. म्हणजे आपल्याकडे उष्णतेची आवक दहापट झाली आहे.

ही दहापट उन्हाने होईल का? बाहेरचे तापमान २७ वरून ४५ अंशांवर गेले असे धरू. पदार्थातून वहनाने येणारी उष्णता तापमानातील फरकाच्या प्रमाणात वाढते. तो फरक २२३ वरून २४१ अंशांवर जातो, म्हणजे वाढ आठ टक्के. प्रारणाने, म्हणजे मध्ये पदार्थ नसतानाही किरणांच्या रूपाने येणारी उष्णता निरपेक्ष (उणे २७३ अंशांपासून मोजलेल्या) तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते, म्हणून तिची वाढ सुमारे सव्वीस टक्के येते. सगळी उष्णता प्रारणानेच येते असे मानले तरी ०.३ चे ०.३८ लिटर होतील, २.९ होणार नाहीत. विदर्भाच्या उन्हावर आपण पुष्कळ गोष्टींचे खापर फोडतो, परंतु हे त्याच्या माथी मारता येत नाही.

धुऱ्यावरचा

मास्तर, आमच्याकडे लग्नकार्यात बर्फाच्या लाद्या कुटारात पुरून ठेवतात आणि त्या दुसऱ्या दिवसापर्यंत टिकतात. जुन्या वाड्याच्या दोन हात जाडीच्या भिंतीही उन्हाळ्यात घर थंड ठेवतात. मग टाकीभोवती थर्माकोलचा किंवा फोमचा भरपूर जाड थर दिला तर काम होणार नाही का? दोन भिंतींमधली हवा काढून टाकलेली एवढी नाजूक निर्वात भांडी करायची गरजच काय?

भौतिकी_मास्तर, वरूड

प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचे उत्तर मलाही आकडेमोड करून पाहीपर्यंत ठाऊक नव्हते.

३५ लिटरचे गोल भांडे घेऊ, त्याची त्रिज्या सुमारे २० सेंटिमीटर येते. भोवती १० सेंटिमीटर चांगला फोम दिला तर सुमारे ४३ वॅट उष्णता आत येते आणि दिवसाला २३ लिटर नायट्रोजन उडतो. भांडे दीड दिवसात रिकामे होते. आता थर वाढवत जा. गोलाभोवतीचा थर जाड झाला की त्याचे बाहेरचे क्षेत्रफळही वाढते आणि त्या वाढलेल्या पृष्ठभागातून उष्णता आत येत राहते. त्यामुळे गणित एका मर्यादेवर अडकते. फोमची जाडी अनंत धरली, म्हणजे सगळा आर्वी तालुका फोमने भरून टाकला, तरी सुमारे १४ वॅट आत येतातच आणि दिवसाला साडेसात लिटरांहून अधिक द्रव उडतो. आपल्या बिघडलेल्या कंटेनरची घटसुद्धा याच्या निम्म्याहून कमी आहे. जाडी वाढवून जे साधत नाही ते मधला पदार्थच काढून टाकल्याने साधते.

कुटारातला बर्फ टिकतो कारण तेथे तापमानातील फरक चाळीस-पंचेचाळीस अंशांचा असतो, इथे तो सव्वादोनशेच्या पुढे आहे.

निवृत्त_टाकीकार

मी अतिथंड द्रवांच्या टाक्या बनवणाऱ्या कारखान्यात उमेदीची वर्षे घालवली आणि आता पुलगावजवळ संत्र्याची थोडी झाडे सांभाळतो. मास्तरांनी पाया चांगला घातला आहे, त्यावर रचनेचे सांगतो.

जेम्स ड्यूअरने १८९२ मध्ये दुहेरी भिंतीचे भांडे करून मधली हवा काढून टाकली. चहाचा थर्मास हा त्याचाच वंशज आहे. हवा काढली की वहन आणि अभिसरण जवळजवळ संपते, पण प्रारण निर्वात जागेतूनही येतेच. खोलीच्या तापमानाचा काळा पृष्ठभाग प्रत्येक चौरस मीटरला सुमारे ४६० वॅट फेकतो. त्यावर उपाय म्हणून ड्यूअरने भिंतींना चांदीचा मुलामा दिला. पुढे १९५० च्या दशकात त्याच कल्पनेचा विस्तार होऊन बहुथरी आवरण आले. ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेली काही मायक्रॉन जाडीची प्लास्टिकची पापुद्र्यासारखी पत्री घ्यायची, दोन पत्र्यांच्या मध्ये जाळी किंवा काचतंतूचा कागद घालायचा आणि आतल्या भांड्याभोवती असे वीस-तीस-चाळीस वेढे द्यायचे. प्रत्येक पत्री आलेले प्रारण परत फेकते आणि स्वतः मधल्या कुठल्या तरी तापमानाला स्थिरावते. तीस थरांनी कागदावर चौरस मीटरला अर्ध्या वॅटहून कमी उष्णता येते. प्रत्यक्षात दोन-तीनपट येते, कारण सांधे असतात, छिद्रे असतात, आणि वेढे देणाऱ्याचा हात असतो.

हाताचे महत्त्व सांगितलेच पाहिजे. नवीन कामगाराला वाटते की आवरण जितके घट्ट ओढू तितके ते चांगले बसेल. खरे तर उलटे होते. गोधडी अंगाखाली दाबली गेली की तिची ऊब जाते, तसेच थर एकमेकांना टेकले की उष्णता पत्रीवरून पत्रीवर उडी मारण्याऐवजी चालत येते. सेंटिमीटरभर जाडीत पंधरा-वीस थर हे साधारण योग्य प्रमाण समजले जाते. कारखान्यात हे काम सर्वांत शांत स्वभावाच्या माणसांकडे देत असत, आणि त्यात बायका पुरुषांपेक्षा सरस ठरत हे मी पाहिले आहे.

मोठ्या, एका जागी उभ्या असणाऱ्या टाक्यांमध्ये पत्रीऐवजी पर्लाइट भरतात. हा ज्वालामुखीजन्य खडक तापवला की ज्वारीच्या लाह्यांसारखा फुलतो. पर्लाइट स्वस्त आहे आणि त्याला व्हॅक्यूमही फार कडक लागत नाही. दाब साधारण दहा पास्कलपर्यंत, म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबाच्या दहाहजाराव्या भागापर्यंत उतरला तरी काम भागते, बहुथरी आवरणाला मात्र त्याच्याही हजाराव्या भागापर्यंत जावे लागते. पर्लाइटचा दोष एवढाच की हादऱ्यांनी तो खाली बसतो आणि वर पोकळी राहते. अमेरिकेतील केनेडी अंतराळ केंद्रावर १९६० च्या दशकात बांधलेल्या द्रव हायड्रोजनच्या दोन गोल टाक्या आहेत, प्रत्येकी सुमारे ३२ लाख लिटरच्या. त्यांपैकी एकीत वरच्या बाजूस पर्लाइट नव्हता, म्हणून तिचे बाष्पीभवन दुसरीपेक्षा वर्षानुवर्षे जास्त राहिले. तेथेच अलीकडे बांधलेल्या सुमारे ४७ लाख लिटरच्या टाकीत पर्लाइटऐवजी काचेचे सूक्ष्म पोकळ गोळे भरले आहेत. ट्रकवरच्या टाकीला सतत हादरे बसत असल्यामुळे तेथे पर्लाइटचा विचारच करत नाहीत.

आता मुख्य मुद्दा. भिंत इतकी चांगली झाली की उष्णता भिंतीतून यायचे सोडून दारातून येते. आतले भांडे हवेत तरंगू शकत नाही, त्याला कुठेतरी आधार लागतो, भरण्यासाठी नळी लागते, आणि तोच उष्णतेचा पूल होतो. पशुसेवक, आपल्या कंटेनरमध्ये आतले भांडे केवळ मानेवर लोंबकळते. ५० मिलिमीटर व्यासाची, अर्धा मिलिमीटर जाडीची, १५ सेंटिमीटर लांबीची मान धरा. ती स्टेनलेस स्टीलची केली तर सुमारे १.४ वॅट एकट्या मानेतून येतील. ॲल्युमिनियमची केली तर त्याच्या दहापटीहून जास्त. काचतंतू आणि इपॉक्सीची केली तर ०.०५ वॅटच्या आसपास. म्हणून बाहेरचे कवच ॲल्युमिनियमचे असले तरी मान काचतंतूची असते आणि इपॉक्सीने चिकटवलेली असते. त्या सांध्याला मी या यंत्राचे मर्मस्थान म्हणेन.

आपण हा कंटेनर कधी दुचाकीवर नेता का? आडवा ठेवला गेला का? पूर्ण कोरडा पडून पुन्हा भरला गेला का?

आर्वीचा_पशुसेवक (धागाकर्ता)

खेड्यांत नेण्यासाठी तीन लिटरचा लहान कंटेनर वेगळा आहे. मात्र मागच्या पोळ्याच्या सुमारास मोठा कंटेनर भरून आणताना गाडी वाटेत खड्ड्यात आदळली होती, आणि त्यानंतर दिवाळीत नायट्रोजन वेळेवर न मिळाल्याने तो एकदा पूर्ण कोरडा पडला होता. बाहेरून दव किंवा बर्फ मात्र मला कधी दिसला नाही.

निवृत्त_टाकीकार

बाहेर दव नाही ही खूण महत्त्वाची आहे. व्हॅक्यूम पूर्ण गेला असता तर कंटेनर एक-दोन दिवसांत रिकामा झाला असता आणि कवचाला घाम फुटला असता. आपला व्हॅक्यूम गेलेला नाही, मंदावला आहे. मानेच्या सांध्याला केसाएवढी चीर पडली असावी असा माझा कयास आहे.

त्यात कोरडे पडणे का वाईट, तेही सांगतो. दोन भिंतींमध्ये आतल्या थंड भांड्याला लागून वायू शोषून घेणारा पदार्थ ठेवलेला असतो, बहुधा मॉलिक्युलर सीव्ह (अतिसूक्ष्म छिद्रांचे दाणे) किंवा कोळसा. धातूतून, पत्रीतून आणि इपॉक्सीतून वर्षानुवर्षे थोडा थोडा वायू सुटत असतो, तो हा पदार्थ गिळतो. परंतु थंड असेपर्यंतच गिळतो. कंटेनर उबदार झाला की गिळलेले सगळे परत बाहेर टाकतो. शिवाय थंड-उबदार होण्यात धातू आकसतो आणि फुगतो. खोलीच्या तापमानापासून द्रव नायट्रोजनपर्यंत स्टेनलेस स्टील मीटरला सुमारे ३ मिलिमीटर आणि ॲल्युमिनियम जवळजवळ ४ मिलिमीटर आकसते. चिकटवलेल्या सांध्याला हा ताण दर वेळी सोसावा लागतो.

खात्री करायची असेल तर वजनावर करा. दांडीवरचा बर्फ मोजण्यापेक्षा काटा अधिक खरे बोलतो. झाकणाचे बूच मात्र घट्ट बसवू नका. ते मुद्दामच सैल केलेले असते. एक लिटर द्रवाचा सुमारे सातशे लिटर वायू होतो आणि त्याला वाट मिळालीच पाहिजे. त्याच कारणाने काचा बंद केलेल्या व्हॅनमध्ये असा कंटेनर नेऊ नये, कारण नायट्रोजनला वास नसतो आणि प्राणवायू कमी झाल्याचे माणसाला कळतही नाही.

गठाणीवाला_भाचा

मामांनी माझा उल्लेख केला आहे म्हणून लिहितो. जुलै २०२१ मध्ये नागपूरजवळ कामठी मार्गावर एलएनजी भरण्याची सोय सुरू झाली, तेव्हापासून या भागातील ट्रकवाल्यांमध्ये या इंधनाची चर्चा आहे. माझी टाकी साधारण ४५० लिटरची आहे. तिच्या बाबतीत मला एक कोडे आहे. ट्रक चालू असताना काही होत नाही, पण मालाअभावी पाच-सहा दिवस जिनिंगच्या आवारात उभा राहिला की झडपेतून फुसफुस आवाज येतो आणि पांढरे धुके दिसते. टाकी बिघडली आहे का?

निवृत्त_टाकीकार

बिघडलेली नाही, ती ठरल्याप्रमाणे वागत आहे. आपल्या मामांचा कंटेनर उघडा असतो, त्यात आलेली उष्णता वाफ होऊन बाहेर जाते. आपली टाकी बंद असते. वातावरणीय दाबाला एलएनजी उणे १६२ अंशांना उकळते. बंद टाकीत वाफ साठून दाब वाढला की उकळबिंदूही वर सरकतो. एलएनजीचा मुख्य घटक मिथेन दहा बार, म्हणजे वातावरणाच्या सुमारे दहापट दाबाला सुमारे उणे १२४ अंशांना उकळतो. म्हणजे द्रव स्वतःच तापत तापत आलेली उष्णता पोटात ठेवतो आणि टाकीला काही दिवस वाफ सोडावी लागत नाही. या मुदतीला धारणकाळ म्हणतात, तो साधारण पाच दिवसांचा धरून रचना केलेली असते. त्यानंतर दाब सुमारे १६ बारला पोहोचला की झडप उघडते. ट्रक चालत असेल तर दाब वाढल्यावर इंजिन आधी वरची वाफ ओढून घेते आणि टाकी आपोआप थंडावते. म्हणून धावत्या ट्रकला हा प्रश्न येत नाही.

मात्र ते धुके जिनिंगच्या आवारात सुटू देणे ही गंभीर गोष्ट आहे. धुके म्हणजे हवेतील गोठलेले बाष्प, पण त्याच्यासोबत मिथेन असतो. थंड मिथेन आधी जमिनीलगत पसरतो आणि ऊब आल्यावर वर जातो. घरगुती गॅससारखा त्याला वासही नसतो, कारण वास आणणारे द्रव्य त्या तापमानाला गोठून जाते. जवळ कापूस असताना पाच दिवस ट्रक उभा राहणार असेल तर टाकी आधी रिकामी होईल असे नियोजन करावे आणि ट्रक बंद शेडमध्ये कधीही उभा करू नये.

धातूबद्दलही एक वाक्य जोडतो. साधे पोलाद या थंडीत काचेसारखे ठिसूळ होते. २० ऑक्टोबर १९४४ रोजी अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे साडेतीन टक्के निकेलच्या पोलादाची एलएनजी टाकी फुटली आणि आगीत सुमारे १३० माणसे गेली. आज मोठ्या टाक्यांच्या आतल्या भांड्याला नऊ टक्के निकेलचे पोलाद आणि आपल्या ट्रकसारख्या लहान टाक्यांना स्टेनलेस स्टील वापरतात.

रामटेकची_विद्यार्थिनी

मी यंत्र अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. हेच तत्त्व वापरून द्रव हायड्रोजनची टाकी केली तर केवळ थर वाढवावे लागतील, की रचनाच बदलावी लागेल? काका, आपण या विषयावर लिहिले तर माझ्या प्रकल्पाला उपयोग होईल.

निवृत्त_टाकीकार

बाई, हायड्रोजन हे वेगळेच प्रकरण आहे. तो उणे २५३ अंशांना उकळतो, पण अडचण केवळ जास्त थंडीची नाही. मास्तरांच्या मापाने पाहा. एक लिटर नायट्रोजन उडवायला १६० किलोज्यूल लागतात, एक लिटर द्रव मिथेनला दोनशेहून अधिक, आणि एक लिटर द्रव हायड्रोजनला जेमतेम ३२. त्याची घनताच लिटरला ७१ ग्रॅम आहे. पशुसेवकांच्या कंटेनरएवढ्या सुस्थितीतल्या कंटेनरमध्ये येणारी तीच अर्धा वॅट उष्णता हायड्रोजनचे दिवसाला दीड लिटर घेऊन जाईल.

दुसरी अडचण पुस्तकात वाचून सोडून देऊ नका. खोलीच्या तापमानाच्या हायड्रोजनमध्ये तीन चतुर्थांश रेणू ऑर्थो (दोन्ही अणुकेंद्रकांची फिरकी एकाच दिशेची) आणि एक चतुर्थांश पॅरा (फिरकी परस्परविरुद्ध) प्रकारचे असतात. द्रवाच्या तापमानाला जवळजवळ सगळे पॅरा होऊ पाहतात, पण सावकाश. या बदलात किलोमागे सुमारे ५२७ किलोज्यूल उष्णता सुटते आणि वाफ होण्यास किलोमागे ४४६ पुरतात. म्हणजे घाईने द्रवरूप केलेला हायड्रोजन उत्तम टाकीत भरला तरी स्वतःच्याच उष्णतेने उडत राहतो. म्हणून द्रवीकरणाच्या वेळीच लोह ऑक्साइडसारख्या उत्प्रेरकावरून नेऊन हा बदल उरकून घेतात.

तिसरी गोष्ट, त्याची उघडी नळी इतकी थंड असते की तिच्यावर हवाच द्रवरूप होऊन ठिबकते आणि त्या थेंबांत प्राणवायूचे प्रमाण साध्या हवेपेक्षा पुष्कळ जास्त असते. खाली डांबर किंवा तेल असेल तर आग दूर नाही.

निसर्गाने एक सवलतही दिली आहे. उडालेली थंड वाफ फुकट घालवायची नसते. हायड्रोजनची वाफ खोलीच्या तापमानापर्यंत येईतो तिच्या बाष्पीभवनाच्या सुमारे आठपट उष्णता शोषू शकते, नायट्रोजनची वाफ साधारण सव्वापट. म्हणून ती वाफ नळीने आवरणाच्या थरांमधून आणि आधारांभोवतून फिरवतात आणि बाहेरून येणारी उष्णता वाटेतच अडवतात. आपल्या प्रकल्पात थरांची संख्या वाढवण्याआधी ही वाफ कुठून न्यावी याचा विचार करा. शिवाय टाकी मोठी करता आली तर करा. उष्णता क्षेत्रफळातून येते आणि द्रव घनफळात राहतो, त्यामुळे माप दुप्पट केले की टक्केवारीतील घट निम्मी होते. छोट्या टाकीत हायड्रोजन टिकवणे हे खरोखर अवघड काम आहे आणि त्याबाबत जाहिरातींत जे उत्साहाने लिहिले जाते ते मी सावधपणे वाचतो.

आर्वीचा_पशुसेवक (धागाकर्ता)

सर्वांनी सांगितल्याप्रमाणे करून पाहिले. धान्य व्यापाऱ्याचा दहा ग्रॅमपर्यंत दाखवणारा इलेक्ट्रॉनिक काटा मागून आणला. रेतमात्रा शेजारच्या दवाखान्याच्या कंटेनरमध्ये हलवल्या, मग आपला कंटेनर भरला. चार दिवस तो आतल्या खोलीत ठेवला, तेथील दिवसरात्रीचे सरासरी तापमान ३३ अंश होते. घट दिवसाला २.२५ किलो झाली. पुढचे चार दिवस ओसरीत ठेवला, सरासरी ३९ अंश. घट दिवसाला २.३१ किलो झाली. एकदाही उघडला नाही.

भौतिकी_मास्तर, वरूड

आपण फारच उपयोगी मोजमाप केले आहे. सहा अंशांनी घट ६० ग्रॅमने, म्हणजे २.७ टक्क्यांनी वाढली. उष्णता प्रारणाने येत असती तर वाढ आठ टक्क्यांची, म्हणजे १८० ग्रॅमची यायला हवी होती. वहनाने येत असती तर २.६ टक्क्यांची. आपला आकडा वहनाशी जुळतो. म्हणजे दोन भिंतींमध्ये वायू शिरला आहे आणि उष्णता त्याच्यामार्फत येत आहे. टाकीकार काकांचा कयास खरा ठरतो.

आर्वीचा_पशुसेवक (धागाकर्ता)

ही आठ दिवसांची नोंद तक्रारीला जोडून पाठवली. पुरवठादाराने उन्हाचा विषय पुन्हा काढला नाही आणि तीन आठवड्यांनी कंटेनर बदलून दिला. नवीन कंटेनर काल त्याच खोलीत, त्याच काट्यावर ठेवला. पहिल्या चोवीस तासांची घट : २६० ग्रॅम.